नंदीच्या शिंगांमधली वाट

बंगळूरची जुनी देवळं, चर्च आणि मशिदी यांच्यावर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात अर्थातच शहाजीराजे होते. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने तिसऱ्या केंपेगौडाकडून हे शहर घेतलं आणि ते जहागीर म्हणून शहाजीराजांकडे आलं. पुढची जवळपास पन्नास वर्षं ते भोसल्यांच्या हाती होतं. एकोजीराजांनी, म्हणजे आपल्या बखरींतल्या व्यंकोजीराजांनी, तंजावरला गादी मांडल्यावर बंगळूर सांभाळणं जड जाऊ लागलं. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांशी विक्रीची बोलणी सुरू असतानाच १६८७ मध्ये मुघल सरदार कासिमखानाने शहर जिंकलं आणि तीन लाख रुपये घेऊन त्याच वडेयरांच्या हवाली केलं.

म्हणून सुरुवात मल्लेश्वरममधल्या काडू मल्लेश्वरापासून केली. इथे १६६९ चा शिलालेख आहे. मेदरनिंगनहळ्ळी नावाचं गाव एकोजीराजांनी या देवाच्या खर्चासाठी लावून दिल्याची नोंद त्यात आहे. हे गाव आज जिथे भारतीय विज्ञान संस्था उभी आहे त्या भागात होतं, असं शिलालेखांचे अभ्यासक मानतात. देवळासमोरच्या रस्त्यापलीकडे नंदीतीर्थ आहे. दगडी नंदीच्या मुखातून अखंड पाणी येतं, खालच्या शिवलिंगावर पडतं आणि पायऱ्यांच्या कुंडात उतरतं. हे सगळं मातीखाली गाडलं गेलं होतं. १९९७ मध्ये त्या मोकळ्या जागेवर बांधकाम होणार म्हटल्यावर आसपासच्या लोकांनी विरोध केला, माती उकरली आणि नंदी हाती लागला. त्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं. जागा रिकामी दिसली तरी ती रिकामी नसू शकते, हे त्यांना वेळेवर सुचलं.

पेठेतला फेरा भरभर झाला. १६८९ मध्ये चिक्कदेवराजांनी बांधलेलं कोटे वेंकटरमण देऊळ टिपूच्या लाकडी महालाला खेटून उभं आहे. तिथून कॉटनपेठेत तवक्कल मस्तानांच्या दर्ग्यापर्यंत सहज जाता येतं. चैत्री पौर्णिमेच्या रात्री धर्मरायाच्या देवळातून करगाची मिरवणूक निघते. डोक्यावर फुलांचा तो उंच मनोरा घेतलेला पुजारी शहरभर फिरताना या दर्ग्यात थांबतो आणि मगच पुढे जातो. शिवाजीनगरात सेंट मेरी बॅसिलिका आहे. तिची गॉथिक वास्तू १८८२ सालच्या ८ सप्टेंबरला, मेरीच्या जन्मदिनीच, उपासनेसाठी खुली झाली. तिथल्या मेरीला साडी नेसवतात आणि सणाच्या दिवसांत भगवी वस्त्रं नेसलेले भाविक मैलोन् मैल चालत येतात. यातल्या प्रत्येक जागेवर स्वतंत्र लेख व्हावा. पण गवीपुरमला पोचल्यावर माझी यादी मागे पडली.

गवी गंगाधरेश्वर हे बसवनगुडीजवळच्या खडकाळ टेकाडात कोरलेलं लेणं आहे. जुनी कथा ते गौतम ऋषींशी जोडते. सध्याच्या रूपाचं श्रेय सोळाव्या शतकातल्या पहिल्या केंपेगौडाला देतात. विजयनगरच्या रामरायाच्या कैदेतून सुटल्यावर त्याने हे देऊळ बांधलं, असं सांगितलं जातं. अंगणात एकेका शिळेतून घडवलेले चार खांब आहेत. एकावर त्रिशूळ, एकावर डमरू आणि उरलेल्या दोहोंवर माणसाहून मोठ्या वाटणाऱ्या दगडी चकत्या, सूर्यपान आणि चंद्रपान. आत शिरलं की छत एकदम खाली येतं. लिंगाभोवतीच्या प्रदक्षिणेच्या बोळात तर पाठ वाकवूनच चालावं लागतं. दोन तोंडं, सात हात आणि तीन पाय असलेली अग्नीची दुर्मीळ मूर्तीही इथेच आहे.

हे देऊळ गाजतं ते मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी. मावळतीचं ऊन कमानीच्या खिडकीतून आत येतं, नंदीच्या दोन शिंगांमधून वाट काढतं आणि गुहेतल्या लिंगावर चढतं. काही मिनिटं अंधारातला दगड उजळून निघतो. अर्चक अभिषेक करत असतात. बाहेर हे दृश्य दाखवणारे पडदे लावलेले असतात, कारण आत मावतील त्याच्या कितीतरी पट माणसं रस्त्यावर उभी असतात.

मी गेले तो साधा दिवस होता. ऊन आत येणार नव्हतं, म्हणून वाट नीट न्याहाळता आली. लिंगापासून नंदी, नंदीपासून खिडकी, खिडकीपासून आकाश. हलणारा एकही भाग नसलेलं हे यंत्र आहे. हलतो तो फक्त सूर्य, आणि तो कसा हलतो हे आधी ओळखून बाकी सगळं स्थिर बसवलेलं आहे. दगड कोरणाऱ्याला चुकून चालणार नव्हतं. जास्तीचा कोरलेला दगड परत लावता येत नाही.

या यंत्राचा नीट अभ्यास झाला आहे. भारतीय विज्ञान संस्थेतले जयंत व्यासनकेरे आणि बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू तारांगणातले के. सुधीश व बी. एस. शैलजा यांनी तो केला आणि २००८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लिंगावर ऊन वर्षातून दोनदा पडतं, असं त्यांना आढळलं. एकदा १३ ते १६ जानेवारी आणि एकदा २६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर. कारण समजलं की ते अगदी स्वाभाविक वाटतं. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो आणि परत फिरतो. जाताना तो ज्या जागी मावळला, त्याच जागी येतानाही मावळणार. १४ जानेवारी त्या टोकापासून साधारण २४ दिवस पुढे आहे आणि नोव्हेंबरचे शेवटचे दिवस तेवढेच मागे. नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळीही लिंग तसंच उजळतं. पंचांगात त्या दिवशी काही नसतं, म्हणून गर्दी नसते.

इथून माझी उत्सुकता चिंतेकडे वळली. आपली संक्रांत ताऱ्यांच्या राशीवर मोजली जाते आणि ऋतूंच्या हिशेबात सुमारे सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १७६१ मध्ये ती १४ जानेवारीच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती, म्हणजे पानिपतावर भाऊसाहेब लढले तो दिवस संक्रांतीचा नव्हता. आणखी मागे, केंपेगौडाच्या काळात, आजच्या इंग्रजी तारखेने ती सात-आठ जानेवारीच्या आसपास यायची. नंदीच्या शिंगांमधली वाट मात्र तारखेसोबत सरकत नाही. ती आकाशातल्या एका ठरावीक बिंदूवर रोखलेली आहे. मग आजच्या संक्रांतीला बरोबर बसणारी वाट साडेचारशे वर्षांपूर्वी संक्रांतीसाठी कशी आखली असेल?

उत्तराचा एक धागा चित्रात आहे. टिपूबरोबरच्या तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धानंतर, १७९२ मध्ये, थॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम या भागात फिरत होते. त्यांनी या देवळाची चित्रं काढली. अभ्यासकांनी ती आजच्या वास्तूशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्या काळी इथे बांधकाम बरंच कमी होतं आणि नैर्ऋत्येकडची भिंत नंतरची आहे, हे दिसलं. त्यांचा निष्कर्ष असा, की मूळ रचनेत अयनदिनांचा सूर्यास्त लिंगापर्यंत पोचत असे. मला हा निष्कर्ष पटतो. अयनदिन राशींबरोबर सरकत नाही. ज्याला पिढ्यान् पिढ्या टिकणारी रेषा दगडात आखायची आहे, तो सूर्य जिथे थांबून मागे फिरतो तीच जागा निवडेल.

२१ डिसेंबर आणि १४ जानेवारी या दोन दिवसांच्या सूर्यात फरक केवढा? साधारण दोन अंश. सूर्यबिंबाची रुंदी अर्धा अंश धरली, तर चार बिंबं एकाशेजारी एक मांडावीत एवढा. एका भिंतीने तेवढा फरक सहज पडतो. आणि ती भिंत कोणी वाईट हेतूने बांधली असेल असं मला वाटत नाही. भाविकांना सावली हवी होती, पावसात उभं राहायला जागा हवी होती. देवळाची सेवा म्हणूनच ती उभी राहिली असणार.

भिंतीपेक्षा मोठी काळजी देवळाबाहेर आहे. लिंगावर ऊन पडतं तेव्हा सूर्य क्षितिजाकडे कललेला असतो, आणि तिथून खालीच जात असतो. एवढ्या कमी उंचीवर अडथळा व्हायला फार काही लागत नाही. लिंगाच्या पातळीपेक्षा १५ मीटर उंच इमारत, म्हणजे साधे पाच मजले, त्या दिशेला दोनशे मीटरवर असली तरी क्षितिजावरचे चार अंश झाकले जातात. एक किलोमीटरवर ७० मीटरचा मनोरा उभा राहिला तरी तेच. दिशा आहे पश्चिमेपासून दक्षिणेकडे कललेली. त्या बाजूला शहर दाट आहे आणि वर वर चढतं आहे. देवळाच्या बाहेर चपला सांभाळणाऱ्या काकांच्या घरी मराठी बोलतात. गवीपुरममध्ये गोसावी मठ आहे, मराठा वस्तीही जुनी आहे. त्यांना लहानपणीचे आसपासचे मोकळे खडक आठवतात. आता त्यांच्या जागी त्यांनी मला घरांच्या पाण्याच्या टाक्या दाखवल्या.

हे देऊळ कर्नाटकाच्या १९६१ च्या प्राचीन वास्तू कायद्याखाली संरक्षित आहे. म्हणजे दगडाला कोणी हात लावला तर विचारणारं कोणीतरी आहे. पण आपल्याकडचं संरक्षण वास्तूभोवती वर्तुळ काढून मोजलं जातं. केंद्राच्या संरक्षित वास्तूंना शंभर मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीचा पट्टा असतो. तो नियम इथे जसाच्या तसा लावला तरी पुरणार नाही. उन्हाला वर्तुळाची गरज नाही, त्याला एकाच दिशेने दूरवर गेलेला अरुंद पट्टा हवा. पूर्वेला कितीही मजले चढले तरी बिघडत नाही. नैर्ऋत्येच्या त्या पट्ट्यात मात्र तीनशे मीटरच्या पलीकडचा एक मनोराही पुरे आहे, आणि तो उभा करणाऱ्याला आपण काय अडवलं हे कळणारसुद्धा नाही.

ढगांमुळे ऊन न पडण्याचे प्रसंग येतात. २०२१ च्या संक्रांतीला तसं झालं तेव्हा लोक अस्वस्थ झाले, शकुन-अपशकुनाची चर्चा झाली. ढग पुढच्या वर्षी हटतात. काँक्रीट हटत नाही. उद्या ऊन उशिरा पोचू लागलं, पाच मिनिटांचं तीन मिनिटांवर आलं, तर दोष ढगाला द्यायचा की इमारतीला, हे ठरवायला दरवर्षीची नोंद लागेल. कोणत्या तारखेला, किती वाजता, लिंगाच्या कोणत्या भागावर, किती वेळ. संक्रांतीला शेकडो फोन वर होतात, पण त्या चित्रांतून मोजमाप निघत नाही.

बंगळूरमध्ये हे काम करू शकणारी माणसं आहेत. मिथिक सोसायटी ही १९०९ ची संस्था शहरातले शिलालेख शोधून त्यांची त्रिमितीय नोंद करते आहे. त्याच पद्धतीने लिंगापासून क्षितिजापर्यंतची ही रेषा मोजता येईल आणि तिच्याखाली कोणकोणती घरं आणि रस्ते येतात ते नकाशावर उतरवता येईल. पालिकेकडे बांधकामाचा अर्ज आला, की त्या नकाशावर एकदा बोट ठेवून पाहिलं तरी पुष्कळ झालं. आज एखादा मजला कमी करायला सांगता येतो. इमारत उभी राहिल्यावर सांगून उपयोग नाही.

नोंद सुरू करायला संक्रांतीची गर्दी सोयीची नाही. २६ नोव्हेंबरपासूनच्या संध्याकाळी त्यासाठी बऱ्या. सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी आत जायचं, अर्चकांची परवानगी घ्यायची, घड्याळ आणि वही जवळ ठेवायची. बंगळूरमध्ये राहणारं कोणीही हे करू शकेल.