विंडोजचं एक अपडेट आलं आणि चांगले चालणारे सर्किट बोर्ड मुके झाले

ऑक्टोबर २०१४. इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्या लोकांना एक विचित्र अनुभव यायला लागला. कालपर्यंत व्यवस्थित चालणारा बोर्ड आज कॉम्प्युटरला लावला तर कॉम्प्युटर त्याला ओळखेचना. केबल बदलून झाली, यूएसबी पोर्ट बदलून झाला, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून झालं. तरी तेच.

बोर्ड जळला नव्हता. विंडोज अपडेटमधून आलेल्या एका ड्रायव्हरने बोर्डवरच्या एका छोट्या चिपची ओळखच पुसून टाकली होती.

हे नेमकं कसं झालं ते कळण्यासाठी कॉम्प्युटर आणि मायक्रोकंट्रोलर एकमेकांशी कसे बोलतात, ते आधी बघावं लागतं.

मायक्रोकंट्रोलरशी बोलायचं कसं?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला छोटासा कॉम्प्युटर. वॉशिंग मशीनपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळीकडे तो असतो. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणाऱ्या आर्डुइनो उनो बोर्डवर एटमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर असतो. त्याला प्रोग्रॅम ठेवायला ३२ किलोबाइट जागा आणि फक्त २ किलोबाइट रॅम.

त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. मग त्यात प्रोग्रॅम टाकायचा कसा आणि आत काय चाललंय ते कळायचं कसं?

दोन्हीचं उत्तर एकच, सीरियल कनेक्शन.

सीरियल म्हणजे एकामागून एक. पाठवायची एक वायर, घ्यायची एक वायर आणि दोघांची ग्राउंड एकत्र. एका बाजूची पाठवायची वायर दुसऱ्या बाजूच्या घ्यायच्या पिनला जोडायची. प्रत्येक अक्षराचे ८ बिट रांगेने जातात. रांगेच्या पुढे ‘सुरू’ सांगणारा एक बिट आणि मागे ‘संपलं’ सांगणारा एक. म्हणजे एका अक्षरामागे १० बिट.

पण बिट किती वेगाने येणार हे सांगणारी वेगळी वायर इथे नसते. त्यामुळे वेग दोघांनी आधीच ठरवून घ्यायचा. यालाच बॉड रेट म्हणतात. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. एका बाजूला ९६०० आणि दुसऱ्या बाजूला १,१५,२०० ठेवलं, की स्क्रीनवर नुसती अगम्य चिन्हं उमटतात.

अपलोडचं बटण दाबल्यावर काय होतं?

उनोमध्ये बूटलोडर नावाचा ५१२ बाइटचा एक छोटा प्रोग्रॅम आधीपासून असतो. अपलोड दाबलं की कॉम्प्युटर बोर्डला रिसेट करतो. बूटलोडर जागा होतो आणि साधारण सेकंदभर वाट बघतो. तेवढ्यात सीरियलवरून नवा प्रोग्रॅम यायला लागला तर तो मेमरीत लिहून घेतो. नाही आला तर जुनाच प्रोग्रॅम सुरू करतो. उनोवर सीरियल मॉनिटर उघडला की प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो, तोही याच रिसेटमुळे.

दुभाषी चिप आणि नकली माल

आता कॉम्प्युटरला जुना सीरियल पोर्ट राहिला नाही, यूएसबी आलं. यूएसबीची बोली मात्र वेगळी. म्हणून मध्ये एक दुभाषी चिप लागते. ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची एफटी२३२ ही त्यातली गाजलेली चिप. आर्डुइनोच्या जुन्या बोर्डांवरही ती होती. मागणी वाढली तशा तिच्यावर कंपनीचंच नाव छापलेल्या नकली चिप बाजारात आल्या.

प्रत्येक यूएसबी वस्तूला कंपनीचा एक आणि वस्तूचा एक असे दोन क्रमांक असतात. त्यावरून कॉम्प्युटर ड्रायव्हर निवडतो. एफटीडीआयच्या २०१४ च्या ड्रायव्हरने नकली चिपमधला वस्तूचा क्रमांक शून्य करून टाकला. असली चिपवर त्या आज्ञेचा परिणाम होत नव्हता. आणि हा क्रमांक चिपच्याच मेमरीत असल्यामुळे कॉम्प्युटर बदलूनही उपयोग नव्हता.

गदारोळ झाला. आपला ड्रायव्हर नकली चिपसाठी नाही, ही कंपनीची बाजू. पण बोर्ड विकत घेणाऱ्याला आतली चिप असली की नकली हे कळणार कसं? आणि तीच चिप एखाद्या कारखान्यातल्या यंत्रात असेल तर? काही दिवसांतच कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. लिनक्सवरच्या टूलने जुना क्रमांक परत लिहून अनेकांनी आपले बोर्ड जिवंत केले.

२०१६ मध्ये पुन्हा तसंच. या वेळी क्रमांकाला हात लावला नाही, पण नव्या ड्रायव्हरमुळे नकली चिपवरून खऱ्या डेटाऐवजी ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ अशी अक्षरं जायला लागली. समोर माणूस असेल तर तो वाचेल, पण एखादं मशीन असेल तर ते या अक्षरांचा काय अर्थ लावेल?

आज बोर्ड दिसत नसेल तर?

आज स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा सीएच३४० ही चिनी चिप असते. ती कुणाची नक्कल नाही, तिची रचना वेगळी आहे आणि ड्रायव्हरही वेगळा लागतो. त्यामुळे बोर्ड मेला असं समजून फेकण्याआधी चार गोष्टी बघायच्या. केबल फक्त चार्जिंगची तर नाही ना, दुभाषी चिपचा ड्रायव्हर आहे का, सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट बरोबर निवडलाय का आणि दोन्हीकडे बॉड रेट एकच आहे का. बऱ्याच वेळा मायक्रोकंट्रोलर ठणठणीत असतो, अडचण मधल्या दुभाष्याची असते.