विजेच्या तंत्रज्ञाची घडण

महाराष्ट्रात विजेचे तांत्रिक शिक्षण मुख्यतः दोन वाटांनी मिळते. एक वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील, म्हणजे लोकांच्या तोंडच्या आयटीआयमधील, वीजतंत्री व तारतंत्री या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांची. दुसरी तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या विद्युत अभियांत्रिकी पदविकेची. पहिलीत हात आधी तयार होतो व उपपत्ती मागून येते, दुसरीत गणित आणि हत्यार बरोबरीने चालतात. आणि आयटीआय पूर्ण केलेल्याला पदविकेच्या, तर पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकत असल्यामुळे या वाटा पुढे एकमेकींना मिळतात. मुंबईत १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटपासून, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेपासून, ही परंपरा सांगता येते. पदविका परीक्षांसाठी राज्याने १९६३ साली स्वतंत्र मंडळ नेमले आणि आजचे महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ त्यातूनच उभे राहिले. एवढी जुनी परंपरा असूनही पदविका ही दहावीला गुण कमी पडलेल्यांची सोय आहे असा समज घरोघरी टिकून आहे, आणि तो या विद्येवर उघड अन्याय करणारा आहे.

पदविकेचे पहिले वर्ष गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि आरेखनात जाते. विषयाचा खरा गाभा उघडतो तो यंत्रांच्या प्रयोगशाळेत, आणि तेथील रोहित्राच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, दोन चाचण्या या शिक्षणाची रीत उत्तम दाखवतात. रोहित्रातील ऊर्जेचा अपव्यय दोन ठिकाणी होतो : लोखंडी गाभ्यात, जो विद्युतदाब असेपर्यंत चालूच राहतो, आणि तांब्याच्या वेटोळ्यांत, जो प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक बाजू मोकळी ठेवून दुसरीला पूर्ण दाब दिला की पहिला अपव्यय कळतो. कमी दाबाची बाजू जाड तारेने जोडून टाकून, म्हणजे लघुमंडल करून, दुसरीकडून पूर्ण प्रवाह वाहवला की दुसरा कळतो. पूर्ण भार न देता पूर्ण भारावरची कार्यक्षमता काढण्याची ही युक्ती मोठी सुंदर आहे, पण तिच्यात एक जोखीम आहे : लघुमंडल चाचणीत पूर्ण प्रवाहासाठी नेमलेल्या दाबाच्या जेमतेम पाच-दहा टक्के दाब पुरतो. म्हणून स्विच दाबण्यापूर्वी डिमरस्टॅटची, म्हणजे दाब कमीजास्त करण्याच्या साधनाची, मूठ शून्यावर आहे ना, हे पाहावेच लागते; ती चढलेली राहिली तर प्रवाह नेमाच्या दहा-वीस पट उसळतो, फ्यूज उडतो आणि अॅमीटरचा काटा वाकतो. मूठ शून्यावर आणण्याची सवय परीक्षेत गुण मिळवून देत नाही, परंतु पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीत तीच उपयोगी पडते.

तीच गोष्ट स्टार-डेल्टा स्टार्टरच्या जोडणीची. तीन फेजची इंडक्शन मोटार थेट सुरू केली तर ती चालू स्थितीतील प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. म्हणून तिची तीन वेटोळी आधी स्टार पद्धतीने जोडतात, ज्यामुळे प्रत्येक वेटोळ्यावर ४१५ ऐवजी सुमारे २४० व्होल्ट दाब येतो आणि लाईनमधील प्रवाह एक तृतीयांशावर उतरतो, व वेग आल्यावर ती डेल्टात वळवतात. सुरुवातीचा पीळही एक तृतीयांशच उरतो, त्यामुळे जड भारासह सुरू होणाऱ्या यंत्राला ही रीत चालत नाही. विद्यार्थी पॅनेलवर तीन कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढले जाणारे स्विच, एक टायमर आणि ओव्हरलोड रिले मांडतो, मोटारीच्या सहा टोकांवर क्रमांकाचे फेरुल चढवतो, आणि स्टारच्या कॉन्टॅक्टरचा एक साहाय्यक संपर्क डेल्टाच्या कॉइलच्या मार्गात घालतो. हा एक संपर्क विसरला आणि दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच क्षणी बसले, तर तिन्ही फेज एकमेकींना भिडतात. आकृतीत तो दोन छोट्या रेषांनी दाखवलेला असतो. त्याचे वजन पेचकस हातात घेतल्यावरच कळते.

या ज्ञानाची गरज कारखान्यापुरती नाही. विहिरीवरच्या पंपाला तीनपैकी एक फेज मिळेनासा झाला की उभी मोटार नुसती गुणगुणते, आणि चालती असेल तर उरलेल्या दोन फेजांतून जादा प्रवाह ओढत तापत जाते. हे थांबवणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर नीट बसवलेला नसला तर ऐन पाण्याच्या पाळीत शेतकऱ्याला मोटार रिवाइंडिंगला टाकावी लागते. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील प्रवाह वाचून लावायचा असतो, अंदाजाने नव्हे, एवढे जाणणारा तंत्रज्ञ गावात असणे ही शेतीची मोठीच सोय आहे.

या शिक्षणातील सर्वांत मोलाचा धडा मात्र वीज नसतानाचा आहे. वाहिनीवर काम करण्यापूर्वी पुरवठा तोडणे, तोडलेल्या जागी कुलूप व फलक लावणे, दाब नाही हे उपकरणाने तपासणे आणि कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडने वाहिनी जमिनीशी जोडणे, हा क्रम मोडता येत नाही. उपकेंद्रातून पुरवठा बंद असला तरी एखाद्या घरातले जनित्र चेंजओव्हर स्विचवाचून जोडलेले असेल, तर त्याचे २३० व्होल्ट वितरण रोहित्रातून उलटे जाऊन वाहिनीवर ११,००० व्होल्ट होऊ शकतात. बंद वाहिनीही जमिनीशी जोडावी लागते ती यासाठी. तंत्रनिकेतनांनी हा क्रम पुस्तकातील एका प्रकरणावर न सोडता प्रत्येक सत्रात हाताने करवून घ्यावा. अशा कामाच्या लेखी परवानगीला वीज कर्मचारी परमिट म्हणतात. ते एका व्यक्तीच्या नावाने दिले जाते, आणि माणसे व रॉड वाहिनीवरून उतरल्याची खात्री करून त्याच व्यक्तीने ते परत केल्याखेरीज पुरवठा पुन्हा सुरू करायचा नसतो.