जुन्या दूरचित्रवाणी संचाला नव्या एचडीआरचा लाभ किती?

भिलाई : वितळलेले लोखंड झोतभट्टीतून बाहेर पडते, तेव्हा त्याचे तापमान सुमारे १,५०० अंश सेल्सिअस असते. तो झगझगता प्रवाह आणि त्याच्यापासून काही अंतरावर अंधारात उभ्या असलेल्या कामगाराचा चेहरा, हे दोन्ही मानवी डोळा एकाच वेळी पाहू शकतो. हेच दृश्य घरातील जुन्या दूरचित्रवाणी संचावर पाहिले, तर दोहोंपैकी एकाचा बळी जातो. प्रवाह पांढऱ्या डागासारखा दिसतो किंवा चेहरा काळोखात बुडतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद प्रकल्पाच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या शहराच्या परिचयाचा झालेला हा प्रकाश पडद्यावर जसाच्या तसा उतरवणे, हे ‘हाय डायनॅमिक रेंज’ म्हणजेच एचडीआर या तंत्राचे उद्दिष्ट आहे.

तंत्र जुने नाही. मात्र त्याचे प्रकार वेगाने वाढत आहेत. एचडीआर१०, एचडीआर१०+, एचएलजी, डॉल्बी व्हिजन आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेले डॉल्बी व्हिजन २, अशी नावांची यादी लांबत चालली आहे. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे सहा-आठ वर्षांपूर्वी घेतलेला, सुस्थितीत चालणारा संच बदलावा काय, असा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा आहे. नव्या स्वरूपातील चित्रफितींचा लाभ जुन्या संचाला मिळतो काय, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे.

थोडक्यात उत्तर असे : नवे स्वरूप जुन्या संचाचा प्रकाश वाढवू शकत नाही, मात्र उपलब्ध प्रकाशाचा वापर अधिक शहाणपणाने करायला ते शिकवू शकते. त्यासाठी एकच अट आहे. ती शिकवण समजण्याची क्षमता संचात आधीपासून असायला हवी.

एचडीआर म्हणजे नेमके काय?

पडद्याची प्रकाशमानता ‘निट’ या एककात मोजतात. एका चौरस मीटरला एक कँडेला म्हणजे एक निट. दूरचित्रवाणीचे पारंपरिक चित्र सुमारे १०० निट ही कमाल मर्यादा गृहीत धरून तयार केले जाते. ही मर्यादा काचेच्या नळीच्या संचांच्या काळातील आहे. त्यात प्रत्येक मूळ रंगाच्या छटा ८ बिटमध्ये, म्हणजे २५६ पायऱ्यांत मांडल्या जातात.

एचडीआरच्या बहुतेक स्वरूपांचा पाया असलेली ‘पीक्यू’ ही प्रकाशमापनाची पद्धत २०१४ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यात १०,००० निटपर्यंतचा प्रकाश नोंदवता येतो. छटांच्या पायऱ्या १० बिटमध्ये, म्हणजे १,०२४ होतात. परिणामी दाखवता येण्याजोग्या रंगछटांची संख्या सुमारे १ कोटी ६७ लाखांवरून १०७ कोटींवर जाते. प्रत्यक्षात चित्रपट बहुधा १,००० किंवा ४,००० निटच्या संदर्भ पडद्यावर पाहून अंतिम केले जातात.

येथेच खरी अडचण सुरू होते. मध्यम किमतीच्या अनेक जुन्या ‘फोर-के’ संचांची कमाल प्रकाशमानता ३०० निटच्या आसपासच असते. १,००० निटचे चित्र ३०० निटच्या पडद्यावर बसवायचे, तर ते आकसावे लागते. या क्रियेला ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. एचडीआरच्या विविध स्वरूपांमधील मुख्य फरक ही क्रिया कोणत्या सूचनांच्या आधारे होते, यात आहे.

एक सूचना की दृश्यागणिक सूचना?

ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालेल्या एचडीआर१० या सर्वाधिक प्रचलित स्वरूपात संपूर्ण चित्रपटासाठी एकच सूचना पाठवली जाते. या चित्रपटातील सर्वांत उजळ बिंदू ४,००० निटचा आहे, असे त्या सूचनेत म्हटले असेल, तर साधा संच सगळ्याच दृश्यांना तोच हिशेब लावतो. कंदिलाच्या उजेडातील एखादे दृश्य मुळात २०० निटच्या वर जात नसले, तरी तेही आकसले जाते आणि विनाकारण मलूल दिसते.

डॉल्बी व्हिजन (२०१४) आणि सॅमसंग व अॅमेझॉन यांनी २०१७ मध्ये पुढे आणलेले एचडीआर१०+ या स्वरूपांत ही सूचना दृश्यागणिक, प्रसंगी प्रत्येक चौकटीगणिक बदलते. कंदिलाचे दृश्य आहे तसेच दाखवावे आणि भट्टीच्या दृश्यात तेवढा झगझगाट आवरावा, असे संचाला स्वतंत्रपणे सांगितले जाते. म्हणूनच या बदलत्या सूचनांची गरज महागड्या, अतिउजळ संचांपेक्षा कमी उजेडाच्या साध्या संचांना अधिक असते. ४,००० निटच्या पडद्याला आकसण्याचे काम फारसे उरतच नाही. ३०० निटच्या पडद्याला ते प्रत्येक दृश्यात करावे लागते. ज्या संचाला मदतीची सर्वाधिक गरज, त्याच्याच किमतीत ती समजण्याची सोय पुष्कळदा वगळलेली असते, हा या व्यवहारातील विरोधाभास आहे.

१९८२ चा धडा

नवे प्रसारण आणि जुना संच यांचा मेळ घालण्याचा प्रश्न भारताला नवा नाही. भिलाईचा परिसर तेव्हा मध्य प्रदेशात होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झालेल्या ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत चित्र पोहोचले आणि त्यात रायपूर भागातील गावेही होती. ते चित्र कृष्णधवल होते. पुढे १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचे रंगीत राष्ट्रीय प्रसारण सुरू झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धा रंगीत दिसल्या. तेव्हा घरोघरचे कृष्णधवल संच निकामी झाले नाहीत. ‘पाल’ या रंगीत पद्धतीत उजेडाची माहिती आणि रंगाची माहिती वेगवेगळी पाठवली जात असे. कृष्णधवल संच उजेडाची माहिती घेई आणि रंगाची सोडून देई. चित्र दिसे, रंग मात्र दिसत नसे.

आजच्या स्वरूपांतही हाच विचार आढळतो. एचडीआर१०+ च्या चित्रफितीतील बदलत्या सूचना न समजणारा संच तीच चित्रफीत साधे एचडीआर१० म्हणून दाखवतो. डॉल्बी व्हिजनच्या अनेक प्रकारांतही असा पायाभूत थर असतो. ब्रिटनच्या बीबीसी आणि जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थांनी विकसित केलेले एचएलजी हे स्वरूप तर जुन्या संचांचा विचार करूनच घडवले गेले. मात्र त्यासाठीही संचाला विस्तारित रंगपट्टा समजावा लागतो. तो न समजणाऱ्या अगदी जुन्या संचावर एचएलजीचे रंग फिके दिसतात. पीक्यूवर आधारलेले चित्र एचडीआर न समजणाऱ्या संचावर थेट लावले, तर ते धुरकट आणि निस्तेज दिसते. म्हणूनच यूट्यूब, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा आधी संचाची क्षमता जाणून घेतात आणि त्यानुसार साधी किंवा एचडीआर आवृत्ती पाठवतात.

तीन प्रकारचे जुने संच

पहिला प्रकार एचडीआर मुळीच नसलेल्या संचांचा. त्यांना नव्या स्वरूपाचा थेट लाभ नाही. चित्रफीत एचडीआरमध्ये तयार केलेली असली, तरी संचापर्यंत तिची साधी आवृत्तीच पोहोचते. ती आवृत्ती काळजीपूर्वक तयार केलेली असेल, तर चित्र उत्तम दिसते. परंतु ते एचडीआर नव्हे.

दुसरा प्रकार केवळ एचडीआर१० समजणाऱ्या संचांचा. घराघरांत सर्वाधिक गोंधळ याच प्रकाराबाबत होतो. एचडीआर सुरू केले की चित्र आणखी अंधारले, ही तक्रार येथूनच येते. तिचे कारण संचातील बिघाड हे नसते. साधे चित्र दाखवताना संच १०० निटसाठी बनवलेले चित्र ताणून आपला सगळा उजेड वापरतो. पीक्यू पद्धतीत मात्र कोणता भाग किती निटचा असावा, हे ठरलेले असते आणि झगझगाटासाठी वरची जागा राखून ठेवावी लागते. त्यामुळे उरलेले चित्र तुलनेने मंद दिसते. पडद्यामागील दिव्यांचे गट स्वतंत्रपणे मंद-प्रखर करणारी ‘लोकल डिमिंग’ची सोय नसेल, तर काळोखही राखाडी दिसतो.

अशा संचाला डॉल्बी व्हिजन समजणारी स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स जोडला, तर संच डॉल्बी व्हिजनचा होतो, हा समज चुकीचा आहे. एचडीएमआय तारेवरून हे उपकरण आधी संचाला त्याच्या क्षमतांची यादी विचारते. यादीत डॉल्बी व्हिजन नसेल, तर उपकरण एचडीआर१० किंवा साधे चित्रच पाठवते. काही महागडे ब्लू-रे प्लेयर आणि व्हिडिओ प्रोसेसर आकसण्याचे काम स्वतः करून संचाला त्याच्या आवाक्यातील चित्र देतात. तेथे फरक जाणवतो. परंतु मध्यम किमतीच्या संचासाठी त्यांचा खर्च परवडण्याजोगा नसतो.

तिसरा प्रकार डॉल्बी व्हिजन किंवा एचडीआर१०+ आधीपासून समजणाऱ्या संचांचा. या संचांना बदलत्या सूचनांचा खरा लाभ मिळतो आणि वय वाढले म्हणून तो थांबत नाही. नेटफ्लिक्सने मार्च २०२५ मध्ये एचडीआर१०+ स्वीकारले, तेव्हा त्याचा उपयोग ही सोय असलेल्या काही आधीच्या संचांनाही झाला. सॉफ्टवेअर अद्ययावतीकरणाने नवे स्वरूप मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. सोनीच्या २०१६ मधील झेड९डी या संचाला डॉल्बी व्हिजन नंतर अशाच प्रकारे मिळाले. मात्र ते शक्य झाले, कारण संचातील प्रोसेसर आधीपासून तेवढा समर्थ होता. डॉल्बी व्हिजन २ मध्ये खोलीतील उजेड आणि दृश्यातील हालचाल यांचाही विचार केला जातो. त्यासाठी नव्या पिढीच्या प्रोसेसरची आवश्यकता असल्याने बहुतेक जुन्या संचांनी त्याची अपेक्षा धरू नये.

संच बदलण्यापूर्वी

खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी तपासणे हिताचे ठरते. अनेक संचांत एचडीएमआय जोडणीची पूर्ण क्षमता मूळ मांडणीत बंद ठेवलेली असते. ‘एन्हान्स्ड’, ‘यूएचडी कलर’ किंवा ‘डीप कलर’ अशा नावांचा हा पर्याय प्रत्येक जोडणीसाठी वेगळा सुरू करावा लागतो. तो बंद असल्यास एचडीआरची सोय असूनही संच साधे चित्र दाखवत राहतो. एचडीएमआय २.१ नाही म्हणून डॉल्बी व्हिजन चालणार नाही, हाही गैरसमज आहे. त्याच्या सूचना चित्राच्या संकेतातच गुंफलेल्या असल्याने ते त्याहून जुन्या जोडणीवरूनही चालते.

एचडीआर चित्रासाठी बॅकलाइट पूर्ण ठेवावा, वीज वाचवणारा पर्याय बंद करावा आणि ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ही चित्रपद्धती निवडावी. कमी उजेडाच्या संचावर भर दुपारी खिडकीच्या प्रकाशात एचडीआर पाहण्यात अर्थ नसतो. रात्री दिवे मंद केल्यावर तेच चित्र खुलते. एवढे करूनही साधी आवृत्ती अधिक चांगली दिसत असेल, तर बाह्य उपकरणाच्या मांडणीत एचडीआर बंद करण्यात कमीपणा नाही. डोळ्यांना सुखद वाटणारे चित्र हाच अंतिम निकष आहे.

नवा संच घ्यायचाच असेल, तर खोक्यावरील स्वरूपांच्या चिन्हांपेक्षा दोन गोष्टी आधी विचाराव्यात : कमाल प्रकाशमानता किती निट आहे आणि लोकल डिमिंगचे विभाग किती आहेत. ३०० निटच्या पडद्यावर लावलेले कोणतेही चिन्ह त्याला १,००० निटचा करत नाही. जुना संच टाकून देण्यालाही किंमत आहे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनुसार पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. मात्र संच भंगारवाल्याकडे न देता अधिकृत संकलनाकडे पोहोचवणे ग्राहकाच्याच हाती असते.

रंगीत प्रसारण सुरू झाल्यानंतरही कृष्णधवल संच अनेक वर्षे घराघरांत चालत राहिले. संच थकल्यावर, सवड आणि पैसा पाहून लोकांनी रंग घरी आणला. एचडीआरच्या बाबतीतही तीच चाल योग्य ठरेल. केबल आणि डीटीएचवरील नेहमीच्या वाहिन्यांचे प्रसारण आजही प्रामुख्याने साध्या प्रकाशपट्ट्यातच होते. त्यामुळे बातम्या, मालिका आणि सामने पाहणाऱ्या घरातील जुना संच नव्या स्वरूपांच्या घोषणेने एका दिवसात कालबाह्य होत नाही. झोतभट्टीचा झगझगाट आणि कामगाराचा चेहरा एकाच पडद्यावर पाहण्याची ओढ असणाऱ्यांनी मात्र नव्या नावांपेक्षा नव्या पडद्याच्या उजेडाचा हिशेब आधी मांडलेला बरा.