पुनर्बांधणी केलेल्या इंजिनातील ठोक्याचे निदान

मालेगाव हे यंत्रमागांचे शहर होय. मोसम नदीच्या काठच्या या शहरात मागांचा खडखडाट इतका नित्याचा आहे की, त्यात पडलेला फरक तेथील कसबी मिस्त्रीच्या कानास चटकन जाणवतो. मुंबई-आग्रा महामार्गही येथूनच जात असल्याने मागाप्रमाणे मोटारीचे इंजिनही येथे पुष्कळांच्या उपजीविकेचे साधन आहे. ही दोन यंत्रे दिसावयास अगदी भिन्न असली, तरी त्यांच्या रचनेत एक महत्त्वाचे साम्य आहे, आणि इंजिनातील अनोळखी आवाजाचे निदान करताना त्याचा चांगला उपयोग होतो.

साध्या यंत्रमागात वरच्या, म्हणजे क्रँकच्या, शाफ्टाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक धोटा एकदा फेकला जातो. खालचा शाफ्ट मात्र निम्म्या गतीने फिरतो. कारण धोटा एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून असा आलटून पालटून फेकावयाचा असतो. म्हणून प्रत्येक फेकीस होणारा आवाज वरच्या शाफ्टाशी निगडित असतो, आणि एक फेक सोडून होणारा आवाज बहुधा खालच्या शाफ्टावरील भागाचा असतो. चतुःस्ट्रोक इंजिनातही हेच घडते. क्रँकशाफ्टाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरात एकदाच ज्वलन होते, व त्यासाठी व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. तेव्हा आवाज क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास होतो की एक फेरा सोडून होतो, हा निदानातील पहिला प्रश्न होय.

अडचण एवढीच की, माग मिनिटाला सुमारे शंभर ते दीडशे फेका करतो, तर इंजिन मंद गतीवर असतानाही क्रँक मिनिटाला ८०० च्या आसपास फेरे घेते. हे प्रमाण सेकंदाला तेरांहून अधिक पडते. मागाच्या फेका मोजता येतात. इंजिनाचे ठोके कानाने मोजणे कठीण. त्यासाठी प्रज्वलनाची वेळ जुळविण्यास वापरतात तो लुकलुकणारा दिवा उपयोगी पडतो. तो एका प्लगच्या तारेस जोडला असता सामान्यतः दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. प्रत्येक चमकेबरोबर एकच ठोका ऐकू आला, तर आवाज निम्म्या गतीचा; दोन आले, तर क्रँकच्या गतीचा. टॅपेटमधील अधिक अंतर, झिजलेला कॅम, कॅमवर चालणारा पेट्रोलपंप यांचे आवाज पहिल्या प्रकारात मोडतात. सैल झालेले फ्लायव्हील, किंवा दबलेल्या ऑइल चेंबरला घासणारा कनेक्टिंग रॉड, यांचे आवाज दुसऱ्या प्रकारात येतात.

परंतु एवढ्यावरून निर्णय देणे धोक्याचे आहे. ज्वलनाचा दाबही प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांत एकदाच येतो. त्यामुळे त्या दाबाने आपटणारा पिस्टन निम्म्या गतीचाच आवाज करतो. यास्तव दुसरी कसोटी भाराची. एकेका सिलिंडरातील ज्वलन क्षणभर बंद करून आवाजात काय फरक पडतो ते पाहावयाचे. एखादे सिलिंडर बंद करताच ठोका मंदावला, तर दोष त्या सिलिंडरातील पिस्टन, त्याची पिन वा बिग एंड बेअरिंग यांपैकी कशात तरी असावा. कोणतेही सिलिंडर बंद केल्याने फरक पडत नसेल, तर व्हॉल्व्हयंत्रणेकडे किंवा बाहेरील भागांकडे वळावे. जुन्या पेट्रोल इंजिनात यासाठी प्लगची तार काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूस जोडीत. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत त्या सिलिंडराच्या इंजेक्टरची वीजजोडणी सोडवावी. अन्यथा न जळलेले पेट्रोल धूरनळीतील उत्प्रेरकात जाऊन तो अतिशय तापतो. कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल इंजिनात तर दाबनळी कधीही सैल करू नये. तिच्यातील दाब हजार बारहून अधिक असू शकतो आणि त्या धारेने त्वचा भेदली जाते.

तिसरी कसोटी तापमानाची. ॲल्युमिनियमचे प्रसरण बिडाच्या सुमारे दुप्पट असते. म्हणून थंड इंजिनात पिस्टन व सिलिंडर यांमधील फट मोठी असते आणि इंजिन तापल्यावर ती आवळते. सकाळी चालू करताना ऐकू येणारा व काही मिनिटांत विरणारा पोकळ आवाज बहुधा पिस्टन भिंतीवर आपटण्याचा असतो. याच्या उलट बेअरिंगचा ठोका इंजिन तापल्यावर वाढतो, कारण गरम तेल पातळ होते व त्याचा दाब उतरतो. बेअरिंगमधील फट साधारणपणे जर्नलच्या व्यासाच्या एक सहस्रांश ठेवतात. ५० मिलिमीटर जर्नलला ही फट ०.०५ मिलिमीटर होते. इतर गोष्टी तशाच राहिल्यास तेलाची गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते, आणि तेलाचा दाबमापक ठोक्याच्या आधीच इशारा देऊ लागतो.

चौथी कसोटी स्थानाची. फ्रेंच वैद्य लॅनेक यांनी १८१६ मध्ये कागदाच्या सुरळीतून हृदयाचे ठोके ऐकले व त्यातून स्टेथोस्कोप निर्माण झाला. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरणारा मिस्त्री त्याच तत्त्वाचा अवलंब करतो. मात्र धातूतून आवाज दूरवर पसरत असल्याने, तो जेथे सर्वांत मोठा ऐकू येतो तेथेच दोष असेल असे नाही. पंख्याचा पट्टा काढून इंजिन थोडा वेळ चालविल्यास अल्टरनेटर व पाण्याचा पंप यांचे आवाज तरी सहज वेगळे काढता येतात.

पुनर्बांधणी केलेल्या इंजिनास आणखी एक गोष्ट लागू होते. जुन्या इंजिनातील आवाज झिजेचा असतो. नुकत्याच बांधलेल्या इंजिनातील आवाज बहुधा जोडणीचा असतो. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन उदाहरणादाखल घेता येईल. मुंबईतील टॅक्सी म्हणून या गाडीची सेवा २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. या इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर. असे इंजिन रिबोअर करून मोठे पिस्टन बसविताना गॅस्केटचे भोक लहान राहिले, तर पिस्टन त्याच्या कडेस टेकू शकतो. हेड अधिक घासले गेले, तर व्हॉल्व्ह व पिस्टन यांमधील अंतर घटते. अनेक इंजिनांत पिस्टनपिनचे भोक मध्यापासून किंचित एका बाजूस असते. असा पिस्टन उलटा बसला, तर आपटण्याचा आवाज वाढतो. रॉडची टोपी उलटी किंवा दुसऱ्या रॉडची लागली, तर बेअरिंग गोल राहत नाही. म्हणून नव्याने बांधलेल्या इंजिनात निदानाचा आरंभ जोडणीच्या नोंदींपासून व्हावा: कोणत्या जर्नलचे माप काय आले, कोणत्या रॉडवर कोणती खूण होती, कोणता भाग बदलला. ज्या ठिकाणी अशी नोंद ठेवली जात नाही, तेथे तोच प्रश्न इंजिन पुन्हा खोलून विचारावा लागतो आणि त्याचा खर्च गाडीच्या मालकावर पडतो.

पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वाहनांच्या आवाजाची व कंपनांची परीक्षा उपकरणांनी करते. लहान कार्यशाळेत तशी साधने नसतात. परंतु गती, भार, तापमान व स्थान या चार प्रश्नांचा क्रम तेथेही पाळता येतो. त्यातून जे निष्पन्न होते ते अनेकदा सुखाचे असते: टॅपेटचे अंतर जुळविणे किंवा पत्र्याचा पोचा काढणे अल्पावधीचे काम आहे. मात्र ठोका भाराबरोबर वाढत असेल, इंजिन तापल्यावर खोल होत असेल व तेलाचा दाब उतरला असेल, तर गाडी जवळच्या गावापर्यंतही चालवून नेऊ नये. क्रँक घासून ०.२५ मिलिमीटरने लहान करता येते, मग ०.५० ने, पण प्रत्येक पायरीबरोबर तिचे आयुष्य कमी होते, आणि मर्यादा ओलांडली की ती भंगारात जाते. गाडीवर ज्याचा संसार चालतो त्याच्यासाठी इंजिन वेळीच बंद करणे हाच दुरुस्तीचा सर्वांत स्वस्त भाग होय.