जुनी नंबर प्लेट काढताना, नवी बसवताना: महाड-पोलादपूरच्या गाडीवाल्यांनी हे आधी वाचा

दासगाव (ता. महाड) : गाडी घरची, कागद घरचे, हप्ते फिटलेले. तरीही गाडी मुलाच्या नावावर होत नाही किंवा बँकेचा बोजा उतरत नाही, अशी अडचण सध्या खेडोपाडी ऐकायला मिळते. कारण बऱ्याचदा एकच निघतं. गाडीला अजून जुनीच नंबर प्लेट आहे. एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली नसेल तर नाव बदलणं, पत्ता बदलणं, कर्जाची नोंद चढवणं-उतरवणं ही कामं आरटीओत थांबवायची, असं परिवहन विभागाने ठरवलेलं आहे. त्यामुळे रस्त्यावरच्या दंडापेक्षा हा अडथळा मोठा आहे.

कोणत्या गाड्यांना लागू?

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांना ही प्लेट शोरूममधूनच येते. त्यांना वेगळं काही करायचं नाही. त्याआधी नोंद झालेल्या सगळ्या गाड्यांना मात्र ती बसवून घ्यावी लागते. मोटरसायकल, स्कूटर, रिक्षा, टेम्पो, जीप, कार आणि शेतातला ट्रॅक्टरसुद्धा त्यात आला. ट्रॅक्टर हायवेवर जात नाही म्हणून चालतं, हा समज चुकीचा आहे.

ही गोष्ट अचानक आलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५० मध्ये ही तरतूद २००१ सालीच आली. राज्ये ती राबवत नाहीत म्हणून मनिंदरजित सिंग बिट्टा यांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने राज्यांना वेळोवेळी फटकारलं. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांसाठी पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती. पुढे ती ३० एप्रिल, ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर आणि ३१ डिसेंबर २०२५ अशी वाढत गेली. वारंवार वाढलेल्या मुदतीमुळे लोक निवांत झाले. पण नाव बदलायचं काम निघालं की मुदतीचा उपयोग नाही, प्लेटच लागते.

या प्लेटमध्ये वेगळं काय?

साधी प्लेट कोणीही रंगवून देतो. म्हणून चोरीच्या गाडीला दुसऱ्याचा नंबर लावणं सोपं जातं. दासगावात अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या नावाने मुंबई-ठाण्याच्या सिग्नलचं ई-चलन मोबाईलवर येतं, त्यामागे असा डुप्लिकेट नंबर असू शकतो. असं चलन आलं तर पैसे भरून मोकळं होऊ नये. चलनावरचा फोटो उघडून गाडीचा रंग आणि मॉडेल पाहावं, आणि गाडी आपली नसेल तर वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर तक्रार टाकावी.

खरी एचएसआरपी ओळखायची खूण अशी. प्लेट ॲल्युमिनियमची, १ मिलिमीटर जाडीची असते. डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा चमकणारा होलोग्राम असतो, २० बाय २० मिलिमीटरचा. त्याखाली निळ्या रंगात आयएनडी ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. खाली डाव्या कोपऱ्यात लेसरने कोरलेला किमान १० अंकी-अक्षरी क्रमांक असतो आणि तो प्रत्येक प्लेटचा वेगळा असतो. गाडीचा नंबर उठावदार असून त्यावरच्या फिल्मवर तिरक्या ओळीत इंडिया असं इंग्रजीत छापलेलं दिसतं. होलोग्रामचा नुसता स्टिकर चिकटवलेली प्लेट कोणी शंभर-दोनशे रुपयांत देत असेल तर ती नकली समजावी.

चारचाकीला पुढची आणि मागची अशा दोन प्लेट, शिवाय काचेला आतून डाव्या बाजूला लावायचा तिसरा स्टिकर मिळतो. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीला तो फिक्कट निळा, डिझेलला नारिंगी असतो. काढायला गेलं की तो फाटतो, तशीच त्याची रचना आहे. दुचाकीलाही दोन प्लेट लागतात. पुढची प्लेट काढून टाकून फिरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

खर्च किती?

दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० रुपये, बाकी सगळ्या गाड्यांना ७४५ रुपये असा दर ठरलेला आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर अनुक्रमे ५३१, ५९० आणि ८७९ रुपये १० पैसे होतात. पैसे ऑनलाईन भरायचे. प्लेट बसवण्याची मजुरी यातच आली. सेंटरवर प्लॅस्टिकची फ्रेम घ्या म्हणून आग्रह झाला तर ती घ्यायची सक्ती नाही. घरी येऊन बसवून हवी असेल तर जादा पैसे पडतात.

बुकिंग कसं करायचं?

परिवहन विभागाची अधिकृत वेबसाईट म्हणजे ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. सुरुवात तिथूनच करावी. तिथे एचएसआरपीच्या ठिकाणी आपलं आरटीओ कार्यालय निवडलं की त्या भागासाठी नेमलेल्या कंपनीचं पान उघडतं. राज्याचे तीन विभाग करून तीन कंपन्यांना काम दिलेलं आहे. महाड-पोलादपूरच्या गाड्या एमएच ०६, म्हणजे पेण कार्यालयाच्या.

इथे एक गोम आहे. शेवटी उघडणारं पान कंपनीचं असल्याने त्याच्या नावात जीओव्ही नसतं. याचाच फायदा घेऊन हुबेहूब दिसणारी खोटी पानं निघाली आहेत. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली लिंक किंवा गुगलवर वर दिसणारी जाहिरात दाबू नये. सरकारी पानावरून पुढे गेलं तरच आपण खऱ्या ठिकाणी पोचतो.

पुढे गाडीचा नंबर, चेसिस नंबरचे शेवटचे पाच आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच अंक-अक्षरं, आणि मोबाईल नंबर विचारतात. ही माहिती आरसी बुकात असते. आरसीवरची अक्षरं पुसट झाली असतील तर एम-परिवहन ॲपमध्ये पाहावं. त्यानंतर सेंटर, तारीख आणि वेळ निवडून पैसे भरायचे. पावती मोबाईलमध्ये ठेवावी आणि एक प्रिंटही काढून ठेवावी.

सेंटर निवडताना घाई करू नये. पेणला जायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि प्लेट आरटीओतच बसते असं काही नाही. यादीत जवळचं सेंटर दिसतं का ते आधी पाहावं. सुतारवाडीपासून विन्हेऱ्यापर्यंत प्रत्येकाने एकेकटं जाण्यापेक्षा गावकीने कंपनीच्या हेल्पलाईनवर बोलून, एका जागी बऱ्याच गाड्या जमत असतील तर गावात शिबिर लावता येईल का ते विचारावं.

मुंबईची गाडी गावाला असेल तर?

चाकरमान्यांची जुनी गाडी गावाला आणून ठेवलेली असते. नंबर एमएच ०१, ०२, ०३ किंवा ०४ असतो. प्लेटसाठी ती परत मुंबईला न्यायची गरज नाही. गाडी ज्या कार्यालयाच्या हद्दीत वापरात आहे ते कार्यालय निवडून राज्यातल्या दुसऱ्या आरटीओची गाडीही इथे बसवून घेता येते.

माहिती जुळत नाही असा मेसेज आला तर?

फार जुन्या गाड्यांची नोंद रजिस्टरमध्ये राहिली आणि 'वाहन' या संगणक यंत्रणेत चढलीच नाही, किंवा चेसिस नंबरात एखादं अक्षर चुकलं, असं होतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा नंबर टाकून उपयोग नाही. मूळ आरसी घेऊन आरटीओत बॅकलॉग नोंद किंवा दुरुस्ती करून घ्यावी लागते, मगच बुकिंग होतं.

मालक वारले असतील तर वेळ लावू नये. नियम ५६ प्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. त्या अर्जाआधी प्लेट बसलेली असेल तर काम अडत नाही. वेबसाईट गाडी ओळखते ती नंबर, चेसिस आणि इंजिनवरून, त्यामुळे घरातलं कोणीही बुकिंग करू शकतं.

जुनी प्लेट काढताना

नवी प्लेट सेंटरचाच माणूस बसवतो. पण जुनी निघाली नाही म्हणून तिथे खोळंबा होतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यात २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड परिसरातल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. नट-बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. त्यासाठी एवढं करावं :

• आदल्या दिवशी संध्याकाळी नट-बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारावा. स्प्रे नसेल तर थोडं डिझेल सोडावं आणि रात्रभर भिजू द्यावं.

• स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसेल तोच घ्यावा. खाच घासली गेली की स्क्रू निघत नाही. मागच्या नटाला पाना लावून धरावा आणि पुढून फिरवावं.

• रिबिट मारलेली प्लेट असेल तर ती ओढू नये. ड्रिलने रिबिटचं डोकं उडवावं, नाहीतर बंपर किंवा मडगार्ड फाटतं.

• चारचाकीत मागच्या प्लेटवरच्या बल्बची वायर तुटणार नाही हे पाहावं. काम झाल्यावर दिवा लावून बघावा.

• मडगार्डची पट्टी किंवा क्लॅम्प सडला असेल तर आधी गॅरेजमध्ये बदलून घ्यावा. सडक्या पत्र्यावर बसवलेली नवी प्लेट खड्ड्यात हादरून सुटते.

प्लेट काढून गाडी तशीच चालवत सेंटरवर नेऊ नये. बोल्ट सैल करून ठेवावेत आणि प्लेट तिथे पोचल्यावर काढावी. जुनी प्लेट भंगारात अख्खी देऊ नये. सेंटरवर जमा करत नसतील तर घरी पत्रा कापायच्या कात्रीने मधोमध तुकडे करावेत, म्हणजे आपला नंबर दुसऱ्या गाडीवर चढणार नाही.

नवी बसवताना

बसवण्याआधी प्लेटवरचा नंबर आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहावा. कारण नवी प्लेट स्नॅप लॉकने बसते. हे लॉक एकदा आवळलं की उघडत नाही, काढायचं तर तोडावंच लागतं. चूक नंतर लक्षात आली तर सगळं पुन्हा करावं लागेल. लॉक बसल्यावर प्लेट हाताने हलवून बघावी. मग दोन्ही प्लेटवरच्या लेसर क्रमांकाचा फोटो काढून पावतीसोबत ठेवावा.

नव्या प्लेटवर वेगळी काच, जाळी, संघटनेचा स्टिकर, देवाचं नाव असलं काही लावू नये. ४१४१ चं दादा करणारी कलाकारी तर जुन्या प्लेटवरही नियमात नव्हती. धुताना तारेची घासणी वापरू नये, साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे. अक्षरांवरची फिल्म आपोआप सुटायला लागली तर पावती घेऊन तक्रार करता येते, कारण नियमाप्रमाणे प्लेट किमान पाच वर्षं टिकण्याची हमी आहे.

नंतर काढायची वेळ आली तर

अपघातात बंपर बदलताना, रंगकाम करताना गॅरेजवाल्याला प्लेट काढावी लागते. लॉक तुटलं की ती साध्या स्क्रूने बसवून चालत नाही. खराब झालेल्या प्लेटऐवजी दुसरी मागवायची सोय त्याच बुकिंगच्या पानावर आहे. प्लेट चोरीला गेली किंवा पुरात वाहून गेली तर आधी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. चोरीला गेलेल्या नंबरावर उद्या काही गुन्हा घडला तर तीच प्रत मालकाच्या बाजूने उभी राहते.

बुकिंगच्या दिवशी सोबत न्या : गाडी, आरसी, बुकिंगची पावती, बुकिंगला दिलेला मोबाईल नंबर चालू असलेला फोन आणि बोल्ट सैल केलेली जुनी प्लेट.