तिसऱ्या चाकाखाली काय?

'मिस्टर बीन' पाहिलेल्या कुणालाही ती फिकट निळी तीनचाकी आठवत असेल. बीनची मिनी समोर आली की ही बिचारी कधी रस्ता सोडून जाते, कधी कुशीवर आडवी होते. ती रिलायंट रीगल, इंग्लंडमधल्या टॅमवर्थच्या कारखान्यात बनलेली. पुढे एक चाक, मागे दोन, खाली लोखंडी चॅसी आणि वर फायबरची बॉडी. १९७३ मध्ये तिची जागा रिलायंट रॉबिनने घेतली आणि नव्या शतकाच्या तोंडावर त्या रॉबिनचंही उत्पादन थांबलं. आता या गाड्या हौशी संग्राहकांच्या गराजमध्ये आहेत. त्यातली एखादी मेळाव्याला न्यायची किंवा दूरगावी विकत घेतलेली घरी आणायची, तर ट्रेलर लागतो. आणि बाजारात मिळणारा ट्रेलर चारचाकीसाठी बनवलेला असतो.

मोटार वाहून नेणाऱ्या नेहमीच्या ट्रेलरला पूर्ण तळ नसतोच. वजन आणि पैसा वाचावा म्हणून डाव्या-उजव्या चाकांसाठी लोखंडी जाळीचे दोन पट्टे असतात, मध्ये मोकळी जागा आणि मागे चढायला दोन रॅम्प. रॉबिनची मागची चाकं या पट्ट्यांवर बरोबर बसतील, पण पुढचं एकुलतं एक चाक त्या मोकळ्या जागेतून थेट डांबरावर येईल.

उपाय सोपा वाटतो: मध्ये एक फळी टाका. अनेक जण तेच करतात आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात फळी मोडते. इथे बीमचं साधं गणित आडवं येतं. समजा, ट्रेलरच्या दोन बाजूंच्या मुख्य पट्ट्यांमध्ये दीड मीटर अंतर आहे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर १७० किलोंचा भार यायचा आहे. हा भार दोन चाकांत वाटून बाजूंपासून १५-१५ सेंटिमीटरवर पडला, तर पट्टीला वाकवणारा जोर सुमारे १३ किलोग्रॅम-मीटर होतो. तोच भार एका चाकाने बरोबर मधोमध दिला, तर तो ६४ वर जातो. वजन तेवढंच, पण लोखंडाला सोसावं लागतं पाचपट. चालत्या ट्रेलरला बसणारे हादरे या हिशेबात अजून धरलेलेच नाहीत. म्हणून तीनचाकीसाठी ट्रेलर बांधून घेणारा जाणता माणूस कारागिराला आधी विचारतो ते मधल्या फळीखालच्या आडव्या पट्ट्यांबद्दल. त्या किती आहेत आणि किती अंतरावर? ट्रेलरच्या कण्यासारखी एक जाड नळी मधोमध मागपर्यंत गेलेली असेल, तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

वजनाच्या बाबतीत मात्र या गाड्या ट्रेलरवाल्याच्या बाजूने आहेत, आणि त्याचं श्रेय ब्रिटिश कायद्याला जातं. ठरावीक वजनाखालची तीनचाकी तिथे मोटरसायकलच्या परवान्यावर चालवता येत असे आणि करही कमी पडे. सुरुवातीची मर्यादा ८ हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे ४०६ किलो होती. पुढे ती वाढवण्यात आली. मोटरसायकलवरून कामावर जाणाऱ्या आणि लेकराबाळांसाठी डोक्यावर छप्पर हवं असलेल्या कामगाराला नवी परीक्षा न देता मोटार मिळत होती. कारखान्यानेही वजनाचा एकेक किलो वाचवला. रॉबिन साडेचारशे किलोंच्या आसपास बसते.

आता ट्रेलरचा कायदा पाहा. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरचं मालासकट वजन ७५० किलोंपर्यंत चालतं, आणि ओढणाऱ्या मोटारीचं स्वतःचं वजन त्याच्या किमान दुप्पट असावं लागतं. अडीचशे किलोंचा साधा एका अ‍ॅक्सलचा ट्रेलर आणि वर रॉबिन, म्हणजे सातशे. चौदाशे किलोंची घरची मोटार ते ओढू शकते. नेहमीची चारचाकी न्यायची तर ब्रेकवाला, बहुतेकदा दोन अ‍ॅक्सलचा, भारी ट्रेलर घ्यावा लागतो. इथे एक मोह टाळायला हवा. 'मोठा ट्रेलर म्हणजे जास्त सुरक्षित' असं समजून काही जण अडीच-तीन टनांचा ट्रेलर भाड्याने आणतात. त्याचं सस्पेन्शन अडीच टनांसाठी कडक केलेलं असतं. साडेचारशे किलोंना ते दबतच नाही. प्रत्येक उंचवट्यावर ट्रेलर उडतो, आणि तो मार फायबरच्या जुन्या बॉडीला बसतो.

गाडी चढली की ती कुठे उभी करायची, हा प्रश्न उरतो. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे शिकवावं लागत नाही. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की ते बैलांच्या मानेवर रुतून बसतं. ट्रेलरमध्ये बैलांच्या जागी मोटारीमागचा लोखंडी गोळा असतो, टो-बॉल. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार या गोळ्यावर असावा, असा ब्रिटनमधला संकेत आहे. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात. तिथल्या गाड्या, जोड आणि सवयी वेगळ्या आहेत. सातशे किलोंच्या ट्रेलरला ७ टक्के म्हणजे ४९ किलो.

गोळ्यापासून अ‍ॅक्सल तीन मीटरवर आहे असं धरलं, तर रॉबिन फक्त १० सेंटिमीटर मागे सरकवल्याने गोळ्यावरचे १५ किलो कमी होतात. राहिले ३४. म्हणजे एका वितीपेक्षाही कमी सरकवल्याने मामला खालच्या मर्यादेबाहेर गेला. भार फारच कमी झाला तर ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो. कमी वेगात हे हेलकावे आपोआप विरतात. एका ठरावीक वेगापुढे मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि काही सेकंदांत ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीलाच फिरवतो. अशा वेळी वेग वाढवून ट्रेलर सरळ होत नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं.

म्हणून गाडी चढवून नेमक्या जागी आणली, वजन मोजलं, की फळीवर रंगाने खूण करतात आणि तिथे चाक अडवणारा ठोकळा कायमचा बसवतात. वजन मोजायला खास काटा मिळतो. नसेल तर ट्रेलरचं तोंड टो-बॉलच्या उंचीला येईल असा लाकडाचा तुकडा घरच्या वजनकाट्यावर उभा करूनही काम भागतं.

रॉबिनचं इंजिन पुढच्या चाकाच्या मागे, जवळजवळ प्रवाशांच्या पायांपर्यंत सरकवलेलं असतं. त्यामुळे गुरुत्वमध्य मागे, रुंद बाजूकडे राहतो आणि हे कलंडण्याच्या हिशेबात उपयोगी पडतं. चारचाकीचा पाया आयत असतो, हिचा त्रिकोण. मागची चाकं एकमेकांपासून १.२ मीटरवर असतील आणि गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून ६० टक्के अंतरावर असेल, तर त्या जागी त्रिकोणाची कड बाजूला ३६ सेंटिमीटरवरच येते. आयताला तिथे ६० मिळाले असते. 'टॉप गिअर' या टीव्ही कार्यक्रमाच्या २०१० च्या भागात निवेदक जेरेमी क्लार्कसनने रॉबिन पुन्हा पुन्हा आडवी करून दाखवली आणि तिची जगभर थट्टा झाली. गाडी आडवी व्हावी म्हणून तिच्या डिफरन्शियलमध्ये फेरफार केला होता, हे त्याने पुढे २०१६ मध्ये कबूल केलं. तरी त्रिकोणाचं गणित खोटं नाही, आणि ट्रेलरवर चढल्यावरही ते सुटत नाही.

माल बांधण्याचा ब्रिटनमधला नियम असा: पुढच्या दिशेने मालाच्या पूर्ण वजनाएवढा जोर पट्ट्यांनी पेलावा, बाजूंना आणि मागे निम्म्या वजनाएवढा. रॉबिनसाठी पुढे ४५० आणि बाजूंना सव्वादोनशे किलो. मागच्या दोन चाकांवरून रॅचेटचे पट्टे घेणं सरळ आहे. पुढच्या चाकाला मात्र पट्टा दोन्हीकडे फाकवून बांधावा लागतो, नाहीतर पुढचा भाग आडवा सरकतो. पट्टा बॉडीवरून कधीच घ्यायचा नाही. फायबरला तडा जातो. चॅसीला आवळून बांधलं तर स्प्रिंग दबलेली राहते आणि खड्ड्यात पट्टा क्षणभर सैल पडतो. चाकालाच बांधलं तर गाडी आपल्या स्प्रिंगांवर हलत राहते आणि पट्टा ताणलेलाच राहतो.

माल्व्हर्नच्या मॉर्गन कंपनीच्या तीनचाकीचा मामला उलटा आहे. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि २०११ च्या मॉडेलमध्ये इंजिन तर पुढच्या चाकांच्याही पुढे, उघड्यावर. पुढचा भाग जड, म्हणून ही गाडी ट्रेलरवर रॉबिनपेक्षा मागे उभी करावी लागते. ती जमिनीलगत असल्याने रॅम्पही लांब हवेत. ट्रेलरचा तळ ५० सेंटिमीटर उंच आणि रॅम्प २ मीटरचे असले, तर चढ साडेचौदा अंशांचा होतो. साडेचारशे किलोंची गाडी त्यावरून विंचने ओढायला सव्वाशे किलोंच्या आसपास जोर लागतो, आणि मॉर्गन खाली घासते. मागे कलणारा तळ असलेला ट्रेलर इथे पैसे वसूल करतो.

'मॉर्गनची पुढची दोन चाकं उचलून मागचं जमिनीवर फिरू दिलं तर?' असं वाटू शकतं. आपल्याकडे बंद पडलेल्या रिक्षेला मागचा रिक्षावाला पाय लावून ढकलत नेतो, ते भररस्त्यात चालून जातं. ब्रिटनमध्ये पुढची चाकं उचलणारी डॉली फक्त बंद पडलेली गाडी हलवण्यापुरती आहे, मेळाव्याला नेण्यासाठी नाही. शिवाय मॉर्गनचं मागचं चाकच इंजिनाच्या जोरावर फिरणारं, त्यामुळे ते रस्त्यावर फिरलं की सगळा ड्राइव्ह फुकट फिरत राहतो.

या सगळ्या उपद्‌व्यापातून एकच तीनचाकी सुटते. आइल ऑफ मॅनवर १९६२ ते १९६५ दरम्यान बनलेली पील पी-५०. लांबी १३७ सेंटिमीटर, रुंदी ९९, वजन ५९ किलो. तिला रिव्हर्स गिअर नव्हता. मागच्या हँडलला धरून उचलायचं आणि फिरवायचं. दोन माणसं ती व्हॅनच्या मागच्या दारातून आत ठेवतात. पट्टे मात्र तिलाही लागतात: पुढे ५९ किलोंसाठी, बाजूंना तिसाच्या आसपास.