झटकलेला पारा : नेग्रेटी आणि झांब्रा यांची कथा

काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे उमेदवारी करणाऱ्या एका तरुण डॉक्टरने कपाटातील जुना काचेचा थर्मामीटर हातात घेतला आणि विचारले, "सर, हा झटकायचा कशासाठी?" आमच्या पिढीने हजारो वेळा केलेल्या या कृतीचा अर्थ नव्या पिढीला सांगावा लागतो, याची थोडी गंमत वाटली. उत्तर देताना मात्र मनात लंडनमधील एक जुनी पेढी आली. आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना तिचा परिचय करून द्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

हेन्री नेग्रेटी यांचा जन्म 1818 साली इटलीतील कोमो येथे झाला. पोरवयातच ते लंडनला आले आणि काच फुंकून नळ्या घडविण्याची कला शिकले. जोसेफ झांब्रा यांचा जन्म इंग्लंडमधलाच, पण घराणे इटालियन. कोमो परिसरातून आलेल्या कित्येक कारागिरांनी त्या काळी इंग्लंडमध्ये वायुभारमापक आणि तापमापक घडविण्याच्या धंद्यात जम बसविला होता. 1850 साली या दोघांनी हॅटन गार्डन भागात भागीदारी सुरू केली. दुसऱ्याच वर्षी, 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात, त्यांच्या हवामानविषयक उपकरणांना पदक मिळाले. पुढे राजघराण्याचे आणि ग्रिनिच वेधशाळेचे उपकरणकर्ते म्हणून त्यांचे नाव झाले. वायुभारमापक, दुर्बिणी, छायाचित्रणाची साधने असे नाना प्रकार या पेढीत तयार होत. 1863 साली स्वतः नेग्रेटी कॉक्सवेल यांच्या बलूनमधून वर गेले आणि आकाशातून जमिनीची छायाचित्रे घेण्याचा प्रयत्न त्यांनी केला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांचे 1852 चे पेटंट. दिवसभरातील सर्वाधिक तापमान किती होते, हे संध्याकाळी येऊन वाचता यावे, ही हवामान निरीक्षकांची गरज होती. जुन्या पद्धतीत पाऱ्याच्या पुढे एक लहानसा दर्शक सरकत असे, पण तो अडकण्याचा किंवा हलण्याचा धोका राही. नेग्रेटी आणि झांब्रा यांनी फुग्याच्या लगेच वर नळीचे छिद्र जवळजवळ बंद होईल इतके अरुंद केले. उष्णतेने पारा प्रसरण पावला की त्या जोरावर तो अरुंद जागेतून पुढे रेटला जातो. थंड होताना मात्र फुग्यातील पारा आकसतो, पुढच्या स्तंभाला मागे खेचण्याइतके त्याचे आकर्षण पुरत नाही आणि त्या अरुंद जागी स्तंभ तुटतो. वरचा पारा गाठलेल्या उच्चांकावर तसाच राहतो. झटका दिला की तो पुन्हा फुग्यात उतरतो. झटकण्याचे मर्म एवढेच.

रुग्णाच्या खाटेशी थर्मामीटर रुळायला आणखी काही वर्षे लागली. जर्मनीत वुंडरलिश यांनी सुमारे 25,000 रुग्णांच्या तापमानाचा अभ्यास 1868 साली ग्रंथरूपाने मांडला. त्यांचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि काखेत सुमारे वीस मिनिटे ठेवावा लागे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर प्रचारात आणला. अरुंद मानेची युक्ती पुढे अशा थर्मामीटरांत सर्वत्र रूढ झाली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्या खिशात राहिली.

या युक्तीचा धडा मला निवासी डॉक्टर असताना एका रात्री मिळाला. वॉर्डातील एका बाळाच्या तक्त्यावर 104 अंशांची नोंद होती. मी घाईघाईने औषध लिहिले, थंड पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या. बाळाच्या आईने भीत भीत म्हटले, "डॉक्टर, अंग तर गार लागतंय." हात लावून पाहिले, तर खरेच गार. थर्मामीटर झटकून पुन्हा लावला, ताप नव्हता. 104 हा आकडा शेजारच्या खाटेवरील मुलाचा होता. ज्याला खरोखर ताप होता, त्याच्याकडे आम्ही त्यानंतर वळलो. उपकरण खोटे बोलले नव्हते. त्याने आपली आठवण जपली होती. ती पुसायचे काम आमचे होते.

नेग्रेटींच्या आयुष्यातील एक प्रसंग मला याच संदर्भात आठवतो. 26 डिसेंबर 1864 रोजी लंडनच्या सॅफ्रन हिल भागातील मारामारीत एका माणसाचा भोसकून खून झाला. पेलिझिओनी नावाच्या इटालियनाला दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. साक्षी झाल्या होत्या, निकाल लागला होता. नेग्रेटींना तो पटला नाही. ते स्वतः बर्मिंगहॅमला गेले, खरा आरोपी ग्रेगोरियो मोग्नी याला शोधून काढले आणि पुढे येण्यास त्याचे मन वळविले. अखेर पेलिझिओनीची सुटका झाली. मोजमापाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या या माणसाने एकदा झालेली नोंद अंतिम मानली नाही.

पाऱ्याचा काळ आता सरला आहे. 2013 च्या मिनामाता करारानुसार पाऱ्याच्या थर्मामीटरांची निर्मिती आणि आयात-निर्यात 2020 नंतर थांबवावी असे ठरले. भारताने 2018 मध्ये या कराराला मान्यता दिली. पर्यावरणाच्या आणि मुलांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. डिजिटल थर्मामीटर झटकावा लागत नाही. पण आकडा आणि समोरचे मूल यांचा मेळ बसत नसेल, तर पुन्हा मोजावे आणि आईचे म्हणणे ऐकावे, हे त्या तरुण सहकाऱ्याला मी आवर्जून सांगितले. जुना थर्मामीटर त्याने मागितला. मी मात्र तो कपाटात परत ठेवून दिला.